वीस वर्षांना तीन आठवडे कमी

बावन्नराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. खरं नाव सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर होतं आणि तिथेच पडून होतं. त्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळे त्यांना बावन्नराव म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी शेवटी तर घरी बायकोही चिडली की म्हणायची, "ऐकताय ना बावन्नराव?"

हॉस्पिटलात दोन प्रकारची माणसं कामाला होती, कायमची आणि बदली. कायमच्या माणसाची नोकरी वर्षांत मोजत, बदलीवाल्याची आठवड्यांत. कोणी आजारी पडलं, कोणी रजेवर गेलं, की बदलीवाल्याला बोलावणं यायचं. आठवडाभर काम करायचं, शनिवारी कार्डावर हजेरीचा शिक्का घ्यायचा, आणि पुढच्या आठवड्याचं पुढच्या आठवड्यात बघायचं. असे आठवडे साठत जायचे, कोणाचे सलग, कोणाचे मध्ये वर्षवर्ष खंड पडलेले. त्या आठवड्यांची वर्षं करून देणं हे बावन्नरावांचं काम. एकूण आठवडे घ्यायचे आणि बावन्नने भागायचे. भाग जाईल तेवढी वर्षं. उरेल ते खाली बारीक अक्षरात.

यात आहे काय एवढं, असं कोणालाही वाटेल. पण बदलीवाल्याची वीस वर्षं भरली की मागच्या आवारातल्या चाळीतली खोली मरेपर्यंत त्याची व्हायची. नाही भरली, तर काम सुटल्यापासून पंधरा दिवसांत बाडबिस्तरा उचलायचा. म्हणजे एक हजार चाळीस आठवडे झाले तर डोक्यावर छप्पर, आणि एक हजार एकोणचाळीस झाले तर रस्ता. ती रेघ बावन्नरावांच्या खिडकीत आखली जायची, तळमजल्यावर, एक्स-रेच्या दारासमोर, जिथे दिवसभर ट्यूबलाइट जळायची आणि औषधांचा वास कपड्यांना चिकटायचा.

खिडकीपाशी लोक काय काय बोलायचे! "अहो, एका आठवड्यासाठी अडवता? घ्या की सांभाळून." बावन्नराव चष्म्यावरून बघायचे. "ताप सांभाळून घेतात का थर्मामीटरमध्ये? आणखी एक आठवडा करा आणि या." त्यांनी कधी कोणाला एक आठवडा फुकट दिला नाही आणि कोणाचा एक आठवडा खाल्लाही नाही, असं ते स्वतः सांगत. लोक त्यांना शिव्या घालत, पण त्यांच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत. या दोन्ही गोष्टींचा बावन्नरावांना सारखाच अभिमान होता.

या खिडकीसमोरच्या रांगेत लाँड्रीतल्या एक बाई असायच्या. त्यांना घडीबाई म्हणत. रोज सात-आठशे चादरी वाफेच्या रोलरमधून निघायच्या, आणि दोघीतिघी बायका त्या ताणून घड्या घालायच्या. पण घडीबाईंची घडी वेगळी. चारही कोपरे असे जुळलेले की वॉर्डातल्या सिस्टर नुसता गठ्ठा बघून म्हणत, आज घडीबाई आलेल्या दिसतात. लग्न झालं होतं की नव्हतं, कोणाला माहीत नव्हतं, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. बाई तोंडाने फटकळ. "शिक्का जरा दाबून मारा, बावन्नराव. तुम्ही नुसता दाखवता कार्डाला," असं दर शनिवारी म्हणायच्या. बावन्नराव मग मुद्दाम टेबल हादरेल असा शिक्का मारायचे. तेवीस वर्षांत दोघांमध्ये याहून जास्त बोलणं झालं असेल-नसेल.

आणि मग घडीबाईंना दिसेनासं झालं. काचबिंदू. बाजूने अंधार होत होत मधलं तेवढं उरलं होतं. त्यांनी ते महिनोन् महिने दडवून ठेवलं, आणि एक दिवस हात रोलरवर पडला. मनगटापर्यंत भाजला. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि कागदावर 'अनफिट' लिहिलं. तिथून त्या सरळ बावन्नरावांच्या खिडकीत आल्या.

बावन्नरावांनी तेवीस वर्षांच्या वह्या काढल्या, बेरीज केली, परत केली. "एक हजार सदतीस. एकोणीस वर्षं, एकोणपन्नास आठवडे."

"चाळीस," घडीबाई म्हणाल्या.

"सदतीस, बाई."

"एक हजार चाळीस. मी मोजलेत."

दुसऱ्या दिवशी त्या एक जुनी, रद्द झालेली चादर घेऊन आल्या. कुठली चादर कुठल्या वॉर्डाची हे कळावं म्हणून लाँड्रीत काठावर लाल दोऱ्याचे टाके घालतात. घडीबाईंनी कामाच्या पहिल्या शनिवारपासून त्याच लाल दोऱ्याने त्या चादरीच्या काठावर एकेक टाका घातला होता. एक शनिवार, एक टाका. चादर त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर पसरली. मागची रांग मान उंचावून बघू लागली.

"मोजा," त्या म्हणाल्या.

बावन्नरावांनी मोजले नाहीत. आता म्हणाल, मोजायला काय जात होतं? तासभर लागला असता फार तर. पण चाळीस वर्षांत त्यांनी वहीशिवाय काही मोजलं नव्हतं. "टाक्यांवर सेवा धरत नाहीत, बाई. वहीवर धरतात."

"मग वही चुकली असेल."

"वही चुकत नसते. एखाद्या शनिवारी दोनदा सुई चालली असेल तुमची."

रांगेत कोणीतरी हसलं. घडीबाईंनी चादर उचलली आणि घडी घातली. भाजलेला हात पट्टीत होता, कोपरा दिसत नव्हता. घडी तिरपी झाली. ती तशीच काखेत मारून त्या गेल्या. बावन्नरावांनी लाँड्रीच्या सुपरवायझरला भेटून विचारलंसुद्धा, तीन आठवडे बसून करायचं काही काम देता येईल का. सुपरवायझरने हात वर केले. अनफिट म्हणजे अनफिट. आपल्याकडून होतं तेवढं आपण केलं, असं बावन्नरावांनी मनाला बजावलं. पंधराव्या दिवशी घडीबाई एक ट्रंक आणि एक बोचकं घेऊन भाच्याकडे राहायला गेल्या. त्यांची खोली भांडारातल्या एका माणसाला मिळाली.

पुढच्या वर्षाच्या डिसेंबरातली गोष्ट. वर्षअखेरीला कायमच्या लोकांच्या राहिलेल्या रजा बुडायच्या असतात, म्हणून सगळे एकदम रजेवर जातात आणि हॉस्पिटल बदलीवाल्यांच्या खांद्यावर चालतं. त्या दिवशी शनिवार होता, वर्षाचा अगदी शेवटचा दिवस. रांग एक्स-रेच्या दाराच्याही पुढे गेली होती. बावन्नराव धडाधड शिक्के मारत होते. हजेरीची वही मात्र समोर नव्हती. ती त्यांनी आदल्या आठवड्यातच बंद करून, फीत बांधून रेकॉर्ड रूमला पाठवली होती, कारण ती भरली होती. वहीत प्रत्येक नावापुढे बावन्न चौकोन छापलेले. बावन्न शनिवार झाले, चौकोन संपले.

कार्डांवर शिक्का मारता मारता त्यांना रांगेतली पाचवी जागा दिसली. घडीबाई नेहमी पाचव्या असायच्या. आणि त्यांना एकदम आठवलं: असाच एक वर्षअखेरचा शनिवार, हीच रांग, आणि घडीबाई विचारतायत, "बावन्नराव, वही तर बांधून टाकलीत. मग आजचा आठवडा लिहिणार कुठे?"

त्यावर ते म्हणाले होते, "वहीला पण रजा लागते, बाई!" रांग खो-खो हसली होती, आणि घडीबाईही हसल्या होत्या.

बावन्नरावांचा हात तसाच राहिला. "काय झालं साहेब?" पुढचा माणूस म्हणाला. त्यांनी शिक्का मारला, त्याच्या मागच्याला मारला, सगळी रांग संपवली. मग खिडकी लावली आणि रेकॉर्ड रूमची किल्ली घेतली.

खरं म्हणजे हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? पाच-सहा वर्षांतून एकदा वर्षात त्रेपन्न शनिवार पडतात, हे भिंतीवरचं कॅलेंडर कोणालाही सांगेल. नोकरीला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी हेडक्लार्कना विचारलंही होतं, त्रेपन्नावा कुठे लिहू? "चौकोन आहे का? नाही ना? मग काय माझ्या टकलावर लिहितोस?" हेडक्लार्क म्हणाले होते. सगळं ऑफिस हसलं, तेही हसले, आणि लिहायचं राहिलं ते कायमचं. कार्डावर शिक्का पडायचा, पण जुनी कार्डं जानेवारीत फाडून टाकायची पद्धत होती. म्हणजे त्या आठवड्यात माणूस कामावर यायचा, घाम गाळायचा आणि कागदावर कुठेच नसायचा. कायमच्या लोकांचं त्यात काही बिघडत नव्हतं. त्यांची वर्षं तारखेनं मोजली जात. आणि तो आठवडा असा, की त्यात कायमचे घरी आणि बदलीवाला हमखास कामावर. वर्षानुवर्षं बावन्नराव बदलीवाल्यांचे आठवडे खात आले होते.

घडीबाईंच्या तेवीस वर्षांत असे त्रेपन्न शनिवारांचे चार डिसेंबर निघाले. हजेरीच्या वहीत काही नव्हतंच. पण लाँड्रीची गठ्ठ्यांची वही वेगळी असते. कुठल्या वॉर्डाला किती चादरी, घडी कोणी घातली, खाली खूण. घडीबाईंची खूण म्हणजे एक चौकोन आणि मधोमध रेघ. बावन्नरावांनी धूळ खात पडलेल्या त्या वह्या गुडघ्यावर बसून काढल्या. पहिल्या डिसेंबरात खूण होती. दुसऱ्यात होती. तिसऱ्यात नव्हती, त्या वर्षी बहीण गेली म्हणून त्या गावाला होत्या. चौथ्यात होती.

तीन. एक हजार सदतीस आणि तीन. बाई खिडकीत उभ्या राहून 'चाळीस' म्हणाल्या तेव्हा त्यांची वीस वर्षं भरलेली होती. बावन्नराव त्या धुळीत तसेच बसून राहिले. किती वेळ, ते त्यांनी मोजलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे ती बाई खरं बोलत होती."

"हो."

"आणि तुम्ही तिला चारचौघांत खोटं पाडलंत."

"वहीत नव्हतं गं ते."

"वही कोण लिहितं?"

रात्रभर बावन्नरावांचा डोळ्याला डोळा लागला नाही. बायकोलाही झोप नव्हती.

सोमवारपासून त्यांनी चाळीस वर्षांच्या सगळ्या नाकारलेल्या फायली काढल्या. थोडक्या आठवड्यांनी ज्यांची वीस वर्षं हुकली होती, असे लोक शोधले, आणि वॉर्डांच्या, स्वयंपाकघराच्या, लाँड्रीच्या वह्यांशी ताडून पाहिले. अकरा निघाले. चौघं मेलेले. मग त्यांनी स्वतःच्या अक्षरात टिपण लिहिलं: अमुक अमुक आठवडे नोंदायचे राहिले, नोंद मी करत असे, चूक माझी आहे. ते घेऊन अधीक्षक मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

मॅडमनी टिपण दोनदा वाचलं. "तीन महिन्यांनी रिटायर होताय ना? मग हे काय काढून बसलात? एकीचं उघडलंत तर सगळ्यांचं उघडावं लागेल."

"सगळ्यांचं उघडलंय मॅडम. मागे यादी जोडली आहे."

"खोल्या कुठून आणायच्या? आणि ठपका तुमच्यावर येईल."

"यायलाच पाहिजे. अक्षर माझंच आहे."

"ठेवून जा. बघू नंतर." मॅडमनी कागद ट्रेमध्ये टाकायला उचलला आणि कोपऱ्यातला शिक्का बघून थबकल्या. बावन्नरावांनी वर येण्याआधी टिपण आवक विभागात देऊन त्यावर नंबर टाकून आणला होता. नंबर पडलेला कागद हरवत नाही. त्याला उत्तर द्यावंच लागतं. "हे मुद्दाम केलंत तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"हो," बावन्नराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी साहेबाला असं तोंडावर उत्तर दिलं होतं.

त्याच रविवारी ते घडीबाईंच्या भाच्याकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात एक खाट टाकली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला अंग चोरून जावं लागायचं. खाटेवर घडीबाई बसल्या होत्या, आधीच्या निम्म्या झालेल्या. भाच्याची बायको दिवसभर कामाने पिचलेली होती. वाईट नव्हती, पण तोंडावर ताबा नव्हता. "हॉस्पिटलातले का तुम्ही?" ती म्हणाली. "बघा ना, तीन आठवड्यांसाठी खोली घालवली मावशींनी. मध्ये मध्ये घरी बसल्या नसत्या तर आज ही वेळ आली असती का? आणि वर म्हणायचं, माझे भरलेत." एवढं बोलून ती आत गेली, भांडी वाजायला लागली.

"कोण आलंय?" घडीबाईंनी विचारलं. नजर बावन्नरावांच्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी होती.

"मी. बावन्नराव."

बावन्नराव उभ्यानेच बोलायला लागले. त्रेपन्नावा शनिवार, बांधलेली वही, गठ्ठ्यांच्या वहीतली खूण, सगळं सांगितलं. "तुमचे टाके बरोबर होते," ते शेवटी म्हणाले. "एक हजार चाळीसच."

"पुन्हा बोला."

"एक हजार चाळीस."

"मोठ्याने. आत ऐकू जाऊ दे."

बावन्नरावांनी घसा साफ केला आणि खिडकीतून पुकारायचे तशा आवाजात म्हणाले, "एक हजार चाळीस आठवडे. वीस वर्षं पूर्ण. चूक माझी!"

आत भांड्यांचा आवाज थांबला. घडीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "दीड वर्ष," त्या म्हणाल्या, "दीड वर्ष मी या घरात खोटारडी म्हणून बसलेय. मलाच वाटायला लागलं होतं, की घातले असतील दोनदा टाके. डोळे गेले तसं डोकंही गेलं असेल." भाच्याची बायको पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. मग तिने येऊन मावशींच्या पाठीवर हात ठेवला.

कागदाला उत्तर यायला नऊ आठवडे लागले. खोली मंजूर झाली. जुनी नव्हे, ती भांडारवाल्याकडे गेली होती. चाळीच्या टोकाची तळमजल्यावरची एक रिकामी होती ती. बावन्नरावांच्या सेवापुस्तकात ठपका लिहिला गेला. तो त्यांनी स्वतःच नक्कल करून आणला आणि घरी कपाटात ठेवला. पुढच्याच आठवड्यात भाचा आणि ते असे दोघांनी मिळून ट्रंक वाहून आणली. घडीबाई आत गेल्या, हाताने भिंती चाचपल्या, खिडकी उघडली, नळ सोडून पाहिला. भाचा आत ट्रंक ठेवत होता. बावन्नराव बोचकं घेऊन उंबऱ्यापर्यंत आले.

"तुम्ही बाहेरच थांबा," घडीबाई म्हणाल्या.

बावन्नराव थांबले.

"खोली मिळवून दिलीत. ते मी विसरणार नाही. पण राग आहे माझा. तुम्ही माझी चादर मोजली नाहीत."

"खरंय."

"भाच्याच्या घरी मी ब्याण्णव आठवडे काढले."

"एक वर्ष, चाळीस आठवडे," बावन्नरावांच्या तोंडून सवयीने निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

"ते तुमच्या लेखी. माझ्या लेखी ब्याण्णव. एकेक करून काढलेत. तेवढेच आठवडे माझा राग राहणार. तोवर या दारातून आत यायचं नाही. ब्याण्णव भरले की या, मी स्वतः चहा करीन." त्यांनी हात पुढे करून बोचकं घेतलं आणि दार लावलं.

असा करार जगात दुसऱ्या कोणी मानला नसता. बावन्नरावांनी मानला. त्याच महिन्यात ते रिटायर झाले, आणि दर शनिवारी दुपारी त्या चाळीत जाऊन दाराबाहेरच्या पायरीवर बसू लागले. घडीबाई आतून विचारायच्या, "आलात का?"

"आलो."

"किती झाले?"

"तेरा."

"बरोबर." बस्स. मग डोळ्यांच्या औषधाची बाटली दारातून बाहेर यायची; बावन्नराव तारीख वाचून सांगायचे, संपत आली असेल तर नवी आणून द्यायचे. कधी भाच्याचं पत्र असायचं. कधी बाई नुसत्याच दाराला टेकून आत बसायच्या आणि हे बाहेर. लाँड्रीत आता कोण आहे, घड्या कशा घालतात, अशा गप्पा व्हायच्या. एकदा जोराचा पाऊस आला, तर दार किलकिलं झालं, एक छत्री बाहेर आली आणि दार परत बंद झालं. घरी ही हकिगत ऐकून बायको म्हणाली, "अहो, छत्री दिली म्हणजे तिला तुम्हाला आत घ्यायचं होतं."

"नाही," बावन्नराव म्हणाले. "छत्री दिली म्हणजे छत्री दिली. चाळीसच झालेत अजून."

साठ शनिवार उलटले तसा बावन्नरावांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. सत्तरावा शनिवारही नेहमीसारखाच झाला. एकाहत्तराव्या शनिवारी ते आले तेव्हा दार उघडं होतं आणि पायरीवर चपलाच चपला होत्या. घडीबाई पहाटे झोपेतच गेल्या होत्या. भाचा रडून लाल झालेल्या डोळ्यांनी बाहेर आला. "या काका, आत या. शेवटचं बघून घ्या."

बावन्नराव उंबऱ्याशी उभे राहिले. आत खाटेवर बाई निजल्या होत्या, अंगावर पांढरी चादर होती. एक पाऊल टाकायचा अवकाश. "एकाहत्तरच झालेत," ते म्हणाले. भाच्याला काही समजलं नाही. बावन्नरावांनी बाहेरूनच हात जोडले, आणि मग त्यांना उभं राहवेना म्हणून ते पायरीवर बसले आणि तोंडावर रुमाल धरून हुंदके देऊन रडले. एकवीस आठवडे कमी पडले होते. ते कुठल्या वहीत सापडणार नव्हते, आणि त्यासाठी टिपण लिहून कोणाकडे पाठवायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

पुढच्या शनिवारी बायकोने विचारलं, "आता कुठे निघालात?" त्यांनी चपला घातल्या. तिने पुन्हा विचारलं नाही.

महिन्याभरात ती खोली दुसऱ्या एका बाईला मिळाली. ती वॉर्ड झाडणारी होती, यादीतल्या अकरा जणांपैकी एक. दर शनिवारी एक म्हातारा येऊन आपल्या पायरीवर तासभर बसतो, हे बघून तिला प्रथम संकोच वाटला. मग तिने ओळखलं. "अगं बाई, बावन्नराव! बाहेर काय बसलात? तुमच्यामुळे तर आम्हाला हे घर मिळालं. आत या, चहा टाकते."

"नको. अजून सोळा राहिलेत."

"कसले सोळा?"

ते नुसते मान हलवायचे. ती दर वेळी बोलवायची, ते दर वेळी नाही म्हणायचे. आकडा तेवढा कमी होत गेला. ब्याण्णवाव्या शनिवारी तिने दार पूर्ण उघडलं, हसून म्हणाली, "आज काही राहिलं नसेल ना? आता तरी या."

"नाही, आज भरले," बावन्नराव म्हणाले. ते पायरीवरून उठले, दारापर्यंत गेले, आत पाहिलं. खोली स्वच्छ होती, स्टोव्हवर भांडं चढवलेलं होतं. या बाईचा चहा चांगलाच असणार, पण बोलवायचं जिने कबूल केलं होतं ती ही नव्हती.

"येतो मी," ते म्हणाले, आणि घरी गेले.